दृष्टांतातला द्राक्षमळा दिंडोरीचा नव्हे

कॅथलिक उपासनेच्या तीन वर्षांच्या वाचनचक्रात ‘अ’ वर्ष आले की सामान्य काळाचे (सणांच्या काळाबाहेरच्या आठवड्यांचे) पंचविसावा, सव्विसावा आणि सत्ताविसावा असे तीन रविवार लागोपाठ द्राक्षमळ्याचे असतात. २०२३ मध्ये ते होते. २०२६ मध्ये ते २० सप्टेंबर, २७ सप्टेंबर आणि ४ ऑक्टोबर या तारखांना येतात. पहिल्या रविवारी मजुरांचा दृष्टांत (मत्तयाचे शुभवर्तमान २०:१-१६), दुसऱ्या रविवारी बापाने ‘मळ्यात कामाला जा’ म्हणून सांगितलेल्या दोन मुलांचा (२१:२८-३२) आणि तिसऱ्या रविवारी खंडाने मळा घेऊन मालकाच्या मुलाचाच जीव घेणाऱ्या कुळांचा (२१:३३-४३). दिंडोरी, निफाड, चांदवडकडे नेमक्या याच दिवसांत गोडी छाटणी, म्हणजे द्राक्षाची फळासाठीची छाटणी, सुरू झालेली असते. प्रवचनकाराला आयती सोय होते. द्राक्षाच्या मंडपाकडे बोट दाखवायचे की अर्थ सांगून झाला.

ही सोयच घात करते. नाशिकच्या श्रोत्याला वेल कळते, काडी कळते, मजुरांची टोळी कळते, हे खरे. पण शुभवर्तमानाचा उतारा उलगडताना हे ज्ञान सगळ्यात शेवटी वापरायचे असते. ते आधी वापरले की उतारा आपल्याला जे आधीपासून पटलेले आहे तेच बोलू लागतो. बागाइतदाराच्या घरात तो बागाइतदारासारखा बोलतो, कार्यकर्त्याच्या तोंडी कार्यकर्त्यासारखा, आणि चंगाई सभेत वक्त्याच्या सोयीप्रमाणे.

मराठी वेशाला कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. फादर थॉमस स्टीफन्सने १६१६ मध्ये ख्रिस्तकथा ओवीत आणली. नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी नवऱ्याने अर्धवट सोडलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे नेले. नाशिकमधली शरणपूरची ख्रिस्ती वसाहत १८५४ सालची. या भागात बायबल मराठी कानांनी ऐकण्याची परंपरा जुनी आहे आणि ती चांगली आहे. वाद फक्त क्रमाचा आहे: आधी कोणता मळा, त्यांचा की आपला?

मजुरांचा दृष्टांत घेऊ. पहाटे मालक बाजारात जातो, रोजचा एक देनार ठरवून मजूर लावतो. मग तिसऱ्या, सहाव्या, नवव्या ताशी जातो, आणि अकराव्या ताशी, म्हणजे सूर्यास्ताला तासभर उरला असताना, पुन्हा जातो. संध्याकाळी सगळ्यांना एकेक देनार मिळतो आणि पहाटेचे मजूर कुरकुरतात. रविवारचे वाचन विसाव्या अध्यायाच्या पहिल्या वचनाला सुरू होते. दृष्टांताचे कारण मात्र एकोणिसाव्या अध्यायात आहे. तिथे पेत्र या शिष्याने विचारले आहे: आम्ही सर्व सोडून आपल्यामागे आलो, तर आम्हाला काय मिळणार (१९:२७)? येशू उत्तर देतो, ‘पुष्कळ पहिले ते शेवटचे होतील’ असे म्हणतो (१९:३०), दृष्टांत सांगतो आणि तेच वाक्य फिरवून संपवतो (२०:१६). म्हणजे दृष्टांत पेत्राला दिलेले उत्तर आहे. पहाटेपासून राबणारे म्हणजे स्वतः शिष्य. आधीच्या रविवारी अठराव्या अध्यायातला क्षमा न करणाऱ्या चाकराचा दृष्टांत असतो, त्यामुळे पेत्राचा प्रश्न या तीन रविवारांच्या आसपास कुठेच कानावर पडत नाही. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकाच्या सुरुवातीला स्टीफन लँग्टनने केली. नव्या कराराच्या वचनांचे आकडे रोबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१ मध्ये छापले. मूळ लिखाणात अध्याय नव्हते, आकडेही नव्हते. आकडा हा पत्ता आहे, जागा सापडावी म्हणून. घराची भिंत तिथे आहे असे त्यावरून समजू नये.

प्रश्न गळाला की काय होते? सगळ्यात नेहमीची चूक अशी: उशिरा आलेले मजूर आळशी होते, तरी देवाने त्यांना दिले, म्हणून देव दयाळू. ऐकायला गोड आहे. पण सातवे वचन उघडा. दिवसभर रिकामे का उभे राहिलात, असे मालक विचारतो आणि ते सांगतात, आम्हाला कोणी कामावर लावले नाही. आळसाचा शब्दही नाही. दुसरी चूक जुनी आणि विद्वानांची आहे. सहाव्या शतकातल्या पोप ग्रेगरीने पाच वेळांचे पाच युग केले: आदाम ते नोहा, नोहा ते अब्राहाम, अब्राहाम ते मोशे, मोशे ते ख्रिस्त आणि ख्रिस्तापासून जगाच्या अंतापर्यंत. सुरेख रचना आहे, पण मग पेत्र आदामाच्या युगातला ठरतो आणि उत्तराचा रोख हरवतो.

दृष्टांत समजून घेण्याची एक साधी युक्ती आहे: जे रोजच्या व्यवहारात होत नाही त्यावर बोट ठेवायचे. या गोष्टीत तशा दोन जागा आहेत. मालकाकडे कारभारी आहे, तो संध्याकाळी मजुरी वाटतो (२०:८), तरी मजूर शोधायला मालक स्वतः पाच वेळा बाजारात जातो. आणि मजुरी वाटताना तो मुद्दाम शेवटच्यांपासून सुरुवात करायला लावतो. पहाटेच्यांना आधी देऊन वाटेला लावले असते तर भांडण झालेच नसते. त्यांनी पाहावे म्हणूनच हा क्रम आहे. पेत्रानेही पाहावे म्हणून.

इथे आपल्या शेतीचे ज्ञान आडवे येऊ शकते. छाटणी, पेस्टिंग, डिपिंग, विरळणी ही कामे आज बऱ्याच ठिकाणी टोळीला एकरी उक्ती दिली जातात. उक्त्यात तास मोजायचे नसतात. टोळी किती वाजता आली यापेक्षा किती एकर उरकले ते महत्त्वाचे. उक्त्याची सवय असलेल्या कानाला या गोष्टीतले भांडणच लागत नाही. दृष्टांत रोजंदारीचा आहे, सूर्योदय ते सूर्यास्त बारा तासांच्या दिवसाचा. देनार ही एक दिवसाची रास्त मजुरी. तिचा अंदाज हवा असेल तर इसवी सन २०० च्या सुमारास सिद्ध झालेल्या मिश्ना या यहुदी नियमसंग्रहातला एक नियम उपयोगी पडतो: वाटसरू भिकाऱ्याला निदान एक पुंदियोन किमतीची भाकर द्यावी (पेआ ८:७). पुंदियोन म्हणजे देनाराचा बारावा भाग. अकराव्या ताशी आलेल्या मजुराला कामाच्या हिशेबाने दिले असते तर देनाराचा बारावा हिस्साच मिळाला असता. एक भाकर, भिकाऱ्याला द्यायची तेवढी. घरी बायको-पोरे असतील तर त्यांना त्यातलाच तुकडा. हा हिशेब मांडला की ‘जे रास्त ते देईन’ (२०:४) या वाक्याला वजन येते.

नाशिकच्या मळेवाल्यांना या उताऱ्यातले पंधरावे वचन फार आवडू शकते: माझे जे आहे त्याचे मी मला हवे तसे करू नये काय? मालकी हक्काची सनदच जणू. पण गोष्टीतला मालक हा हक्क कशासाठी वापरतो ते पाहावे लागते. ठरलेल्यापेक्षा जास्त देण्यासाठी. कमी देण्यासाठी किंवा देणे लांबवण्यासाठी कोणी हे वचन तोंडी घेतले तर आठवे वचन त्याला अडवते, कारण मजुरी संध्याकाळीच वाटली जाते. ही मालकाची मेहेरबानी नव्हे, नियमशास्त्र आहे. मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यावी (अनुवाद २४:१५), रात्रभर सकाळपर्यंत आपल्याकडे ठेवू नये (लेवीय १९:१३). हंगामाआधी उचल देऊन टोळी बांधून घ्यायची आणि हिशेब हंगाम संपल्यावर करायचा, या व्यवहाराला या दृष्टांतात आधार शोधायला जाऊ नये.

हा उतारा भारताच्या सार्वजनिक जीवनात एकदा थेट उतरलेला आहे. ‘या शेवटल्यालाही तुझ्याइतकेच द्यावे अशी माझी इच्छा आहे’ या चौदाव्या वचनातून इंग्रज लेखक जॉन रस्किनने आपल्या १८६० सालच्या अर्थशास्त्रविषयक निबंधांचे शीर्षक घेतले: ‘अन्टू धिस लास्ट’. १९०४ मध्ये जोहान्सबर्ग ते दर्बन या आगगाडीच्या प्रवासात गांधीजींनी ते वाचले आणि १९०८ मध्ये ‘सर्वोदय’ नावाने त्याचा गुजराती सारांश दिला. वकिलाच्या कामाची किंमत न्हाव्याच्या कामाइतकीच, हे त्यांनी त्यातून घेतले. आता कोणी म्हणेल, हीदेखील आपल्या मनातले उताऱ्यात घालण्याचीच रीत झाली. काही अंशी हो. कामाच्या मोलाची समानता मत्तय शिकवत नाही. तासाभराचे काम बारा तासांच्या कामाइतके आहे असे मालक कुठेच म्हणत नाही. पण गांधींनी आणि रस्किनने उताऱ्याची एक गोष्ट बरोबर पकडली, जी केवळ स्वर्गाविषयी बोलणारे प्रवचनकार सोडून देतात. ‘आम्हाला कोणी कामावर लावले नाही’ म्हणणाऱ्या माणसाचेही पोट दिवसाचेच असते. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमी सुरू केली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा केला, तोही याच प्रकारच्या माणसासाठी. दृष्टांतातून कायदा काढता येणार नाही. पण तो कायदा ज्याच्यासाठी झाला तो माणूस दृष्टांतात उभा आहे, हे न दिसणे ही वाचनातली चूकच आहे.

तिसऱ्या रविवारचा उतारा याहून अवघड, आणि नाशिकमध्ये तर विशेषच. मालक मळा लावतो, कुंपण घालतो, द्राक्षकुंड खणतो, राखणीसाठी माळा बांधतो, कुळांना खंडाने देऊन परदेशी जातो. हंगामाला तो नोकर पाठवतो. कुळे त्यांना मारतात, काहींचा जीव घेतात. शेवटी मुलाला पाठवतो, त्यालाही ती ठार मारतात: हा वारस आहे, याला मारले की वतन आपले.

आता हा उतारा महाराष्ट्रात कोणत्या कानावर पडतो? ‘कसेल त्याची जमीन’ ऐकत वाढलेल्या कानावर. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९४८ चा. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कसणारी कुळे कायद्याने खरेदीदार मानली गेली. इथे परगावी राहून खंड खाणारा मालक खलनायक असतो आणि जमीन कुळाला मिळणे हा न्याय असतो. त्यामुळे आपल्याकडच्या श्रोत्याची सहानुभूती नकळत चुकीच्या बाजूला, निदान कथा सांगणाऱ्याच्या मते चुकीच्या बाजूला, जाते. काही आधुनिक अभ्यासकांनी हाच धागा पकडून कुळांना बंडखोर ठरवले आहे: गालीलातले दरिद्री शेतकरी, गेलेल्या जमिनीसाठी लढणारे. जमीनदारीविरोधी चळवळीत काम करणाऱ्याला हे वाचन मोहात पाडते.

ते टिकत नाही, आणि का टिकत नाही हे उताऱ्यातच आहे. हाच दृष्टांत मार्कानेही दिला आहे, आणि मार्क १२:१ मधले कुंपण, कुंड आणि माळा हे वर्णन यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या पाचव्या अध्यायातल्या द्राक्षमळ्याच्या गीतातून जवळजवळ शब्दशः उचललेले आहे. ऐकणाऱ्या यहुद्याला ते पहिल्याच वाक्याला ओळखू आले असणार, जसे आपल्याकडे ‘इवलेसे रोप’ म्हटले की पुढची ओळ सांगावी लागत नाही. यशयात मळा म्हणजे इस्राएलाचे घराणे, हे तिथेच सांगून टाकले आहे (यशया ५:७). यशयात दोष मळ्याचा आहे, त्याने रानद्राक्षे दिली. दृष्टांतात येशू एक बदल करतो: मळ्यात खोट नाही, राखणाऱ्यांत आहे. म्हणून मार्काचे बारावे वचन सांगते की याजकांना कळले, हा दृष्टांत आपल्यावरच आहे. कुळांना नायक करायचे तर यशयाचे गीत, दृष्टांतानंतरचे स्तोत्र ११८ मधले कोनशिलेचे वचन आणि बारावे वचन, तिन्ही बाजूला काढावी लागतात. उरलेल्या भागावर मग काहीही उभे करता येते.

आणखी एक धोका उलट बाजूचा आहे आणि युरोपात त्याने रक्त सांडले. ‘देवाचे राज्य तुमच्यापासून काढून घेतले जाईल’ (मत्तय २१:४३) यातले ‘तुम्ही’ म्हणजे सगळे यहुदी, असे शतकानुशतके शिकवले गेले. रविवारचे वाचन याच त्रेचाळिसाव्या वचनावर थांबते. मुख्य याजक व परूशी यांनी ओळखले की तो आपल्याविषयीच बोलत आहे, हे पंचेचाळिसावे वचन त्यात येत नाही. वाचनाच्या सुरुवातीला मुख्य याजक आणि वडील यांचा उल्लेख असतो, पण तो एका दमात निघून जातो आणि प्रवचनाला सुरुवात होईपर्यंत कोणाच्या लक्षात राहत नाही. मळा नाकारलेला नाही. राखणदार बदलले आहेत. हे मंडळीच्या आजच्या राखणदारांना, म्हणजे धर्मगुरू, पाळक आणि विश्वस्तांनाही लागू होते. ते त्यांच्याच तोंडून क्वचित ऐकू येते याचे नवल वाटायला नको.

मत्तय, मार्क आणि लूक ही तिन्ही शुभवर्तमाने शेजारी ठेवून वाचली की आणखी काही दिसते. मार्कात कुळे मुलाला आधी ठार करतात आणि मग मळ्याबाहेर टाकतात (१२:८). मत्तय आणि लूक यांच्यात आधी बाहेर काढतात, मग मारतात. येशूला नगराबाहेर क्रुसावर दिले गेले, ती आठवण या बदलामागे असावी. असे फरक लपवून एकच सलग गोष्ट करून सांगणे ही सोयीची सवय आहे, आणि प्रत्येक लेखकाला काय म्हणायचे आहे ते तिच्यामुळे पुसले जाते.

तर मग जमिनीविषयी व्यासपीठावरून बोलायचेच नाही? बोलायचे, आणि त्यासाठी दृष्टांत उलटा करण्याची गरज नाही. सत्ताविसाव्या रविवारचे पहिले वाचन म्हणून यशयाचे हेच गीत, पाचव्या अध्यायाची पहिली सात वचने, वाचले जाते. सातवे वचन म्हणते: न्यायाची वाट पाहिली तर रक्तपात दिसला. वाचन तिथे संपते. आठवे वचन असे आहे: जे घराला घर आणि शेताला शेत जोडत जातात, इतके की दुसऱ्याला जागा उरत नाही, त्यांना धिक्कार. दहाव्यात तर शिक्षेचे मापही दिले आहे. दहा बैलजोड्यांच्या नांगरटीएवढ्या द्राक्षमळ्यातून एक बथ रस निघेल, म्हणजे साधारण बावीस लिटर. जमीन गिळणाऱ्यांवर याहून थेट शब्द बायबलमध्ये क्वचित सापडतील, आणि ते दृष्टांताच्या मुळाशी एका वचनाच्या अंतरावर आहेत. राजाने नाबोथाचा द्राक्षमळा बळकावला ती कथा (१ राजे २१) वेगळीच. ज्याला कुळांची बाजू मांडायची आहे त्याने यशया आणि नाबोथ घ्यावेत.

योहानाचा पंधरावा अध्याय मात्र प्रत्येक छाटणीला बळी पडतो. ‘मी खरा द्राक्षवेल आहे आणि माझा पिता माळी आहे.’ फळ न देणारा फाटा तो काढून टाकतो, फळ देणाऱ्याला अधिक फळ यावे म्हणून साफ करतो. नाशिकचा वक्ता इथे रंगात येतो. आपल्याकडे दोन छाटण्या: एप्रिलची खरड छाटणी, ओलांड्यावर, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीवर, एक-दोन डोळे ठेवून; आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी, काडी तपासून घड कितव्या डोळ्यावर आहे ते पाहून. तसा देवही माणसाला दोनदा छाटतो, एकदा वाढीसाठी, एकदा फळासाठी. उपमा डौलदार आहे. यहूदियात मात्र दोन छाटण्यांचे कारणच नव्हते. तिथली वेल हिवाळ्यात पाने गाळून झोपते, हिवाळा सरताना मुख्य छाटणी होते, पुढे हिरव्या फुटी काढतात, आणि तोडणी उन्हाळ्याच्या शेवटी. आपल्याकडे वेलीला खरी झोप लागत नाही म्हणून तिला कात्रीने दोनदा वळण लावावे लागते. दुसऱ्या वचनात दोन ऋतू नाहीत, दोन प्रकारचे फाटे आहेत. वेलीचे रूपही निराळे होते: तारांवर, वाय सांगाड्यावर चढवलेली नव्हे. बरेचदा ती जमिनीवर किंवा जमिनीलगत पसरणारी असे. यहेज्केल संदेष्टा तिला ठेंगणी, पसरणारी वेल म्हणतो (१७:६).

यातूनच आलेले आणखी एक स्पष्टीकरण इंग्रजी पुस्तकांतून मराठी व्यासपीठावर पोचले आहे: माळी फळ न देणारा फाटा कापत नाही, जमिनीवरून उचलून बांधतो. मनाला दिलासा देणारे आहे खरे. पण सहावे वचन त्याच फाट्याविषयी म्हणते की तो बाहेर टाकला जातो, वाळतो, गोळा करून अग्नीत घातला जातो. उचलून बांधलेल्या काडीचे असे होत नाही. या सहाव्या वचनामागे यहेज्केलाचा पंधरावा अध्याय आहे. द्राक्षवेलीचे लाकूड कशाच्याही कामाचे नाही, भांडे अडकवायला त्याची खुंटीसुद्धा होत नाही, ते फक्त जाळायचे. छाटणीच्या काड्यांचा ढीग बांधावर पाहिलेल्या माणसाला हे सांगायला नको. इथे आपले ज्ञान उपयोगी पडले, कारण उतारा आणि त्याचा आधार आधी वाचून झाला होता. आता त्या काड्या जाळण्याऐवजी यंत्राने बारीक करून वेलीखाली पसरतात, ही चांगली गोष्ट आहे, पण तिच्यावरून प्रवचन करू नये.

छाटणी म्हणजे संकट, हा अर्थ तर सर्वांत जास्त नुकसान करतो. फेब्रुवारी-मार्च २०१४ च्या गारपिटीसारखा फटका बसलेल्या, घड मातीत गेलेल्या आणि सोसायटीचे कर्ज डोक्यावर असलेल्या माणसाला ‘ही देवाची छाटणी आहे, अधिक फळ यावे म्हणून’ असे सांगितले जाते. तिसरे वचन वाचावे: जे वचन मी तुम्हाला सांगितले त्यामुळे तुम्ही आताच शुद्ध आहात. साफ करणारी गोष्ट शिकवण आहे; गारा, आजार, कर्ज यांचे नाव तिथे नाही. आणि फळ म्हणजे काय तेही बारावे वचन सांगते: एकमेकांवर प्रीती करा. सभेची संख्या, बाप्तिस्म्यांचा आकडा किंवा दानपेटी त्यात येत नाही. हे शब्द यहूदा रात्री उठून गेल्यावर (१३:३०) उरलेल्या अकरांना सांगितलेले आहेत. ते नेमके कुठे सांगितले, यावर भाष्यकारांनी बरेच तर्क लढवले. चौदाव्या अध्यायाच्या शेवटी ‘उठा, आपण येथून जाऊ’ असे वाक्य आहे, म्हणून कोणी म्हणतात वाटेवरच्या मळ्यात, कोणी म्हणतात मंदिराच्या दारावरच्या सोन्याच्या वेलीसमोर. ती वेल खरोखर होती, पहिल्या शतकातल्या योसेफस या यहुदी इतिहासकाराने तिचे वर्णन केले आहे. योहान मात्र गप्प आहे. आपणही गप्प राहिलेले बरे.

नव्या द्राक्षारसाला नवे बुधले, हे वचन नवे वाद्यवृंद आणि नव्या पद्धती आणताना हमखास ऐकू येते. मूळ प्रश्न उपासाचा होता (मार्क २:१८), आणि लूक लगेच पुढे जोडतो की जुना प्यालेल्याला नवा नको असतो, तो म्हणतो जुनाच चांगला (५:३९). ते वाक्य कोणी वाचत नाही. आणि राज्याने २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला तेव्हासारखा वाद पुन्हा पेटला तर काना गावच्या लग्नातले, पाण्याचा द्राक्षारस झालेले सहा रांजण त्यात ओढू नयेत, बाजूने नाही आणि विरोधातही नाही. त्या सहांत मिळून पाचशे ते सातशे लिटर मावत असले तरी योहानाला तिथे उत्पादन शुल्क विभागाशी काही देणेघेणे नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावरच्या माणसाला यशया, मिश्ना, तीन शुभवर्तमानांतले फरक हे सगळे कशाला? त्याला त्याच्या शब्दांत सांगा. या आक्षेपात न बोललेले एक गृहीत आहे, की साध्या माणसाला अर्धा उतारा पुरतो. वारकरी कीर्तनकार तसे मानत नाही. तो कीर्तनाला घेतलेला अभंग आधी संपूर्ण म्हणतो, मग एकेक चरण सोडवतो. मधलाच चरण उचलून त्यावर तासभर बोलला तर समोरचा निरक्षर म्हाताराही अस्वस्थ होतो, कारण पुढचा चरण त्याला पाठ असतो. ख्रिस्ती प्रवचनाला एवढी शिस्त लावणे अवघड नाही.

प्रत्यक्षात ते असे करता येईल. पंचविसाव्या रविवारच्या आधीच्या आठवड्यात अभ्यासाच्या बैठकीत मत्तय १९:१६ पासून २०:१६ पर्यंत सलग मोठ्याने वाचावे, म्हणजे श्रीमंत तरुण, पेत्राचा प्रश्न आणि दृष्टांत एकापाठोपाठ कानावर पडतील. पंधरा मिनिटे लागत नाहीत. दुसऱ्यांदा वाचताना मालक, कारभारी, पहाटेचे आणि संध्याकाळचे मजूर अशी वाचणाऱ्यांची वाटणी करावी. मग फक्त एकच प्रश्न: कोण कोणाला बोलतो आहे? त्याचे उत्तर मिळेपर्यंत अर्थ सांगायला बंदी. त्यानंतर मजुरीविषयीची मोशेच्या नियमशास्त्रातली दोन वचने आणि रोजच्या व्यवहारात न बसणाऱ्या जागा. तासातला शेवटचा पाव भाग आपल्या शेतीसाठी ठेवावा. सत्ताविसाव्या रविवारी मार्क आणि मत्तय यांचे उतारे दोन स्तंभांत छापून हातात द्यावेत, आणि यशया आठव्या, शक्यतो दहाव्या वचनापर्यंत वाचावा. वेदीवरचे ठरलेले वाचन बदलता येत नाही, पण बैठकीत कोण अडवतो?

हे बिघडते ते बहुधा बसणाऱ्यांमुळे. बैठकीला मळेवाले, शिक्षक, निवृत्त नोकरदार येतात आणि टोळीतले ख्रिस्ती मजूर येत नाहीत. मग सातव्या वचनाविषयी ज्यांनी बोलायचे ते खोलीत नसतात आणि पंधराव्याविषयी बोलणारे सगळे असतात. छाटणीच्या दिवसांत टोळ्या पहाटे निघून दिवेलागणीला परततात, तेव्हा संध्याकाळची सातची वेळ त्यांच्या कामाची नाही. बैठक आठवडे बाजाराच्या दिवशी दुपारी ठेवावी लागेल, आणि बैठकीला येणाऱ्या मळेवाल्यांनी त्या दुपारी आपल्या टोळीला काम सांगू नये.